घरघर

ग्लदानीच्या नऊमजली इमारतींच्या पायाशी
तळघरात माझं दुकान.
लामझिराबाई आल्या तेव्हा लॅपटॉप
लोकरी शालीत गुंडाळलेला,
भट्टीतून नुकत्या काढलेल्या पावासारखा.

"पडला होता का?"
"नाही."
मी स्क्रू काढत राहिलो.
चौथ्या स्क्रूला म्हणाल्या,
"मार्चमध्ये एकदा. फ्रीजवरून.
पण नंतर नीट चालला."
नंतर नीट चालतंच.
म्हणून तर लोक इतक्या उशिरा येतात.

आधी संशय वायरीवर घ्यायचा, हा माझा रिवाज:
माणसाला पहिल्यांदा स्वस्तातला आजार सुचवावा.
पट्टी काढली, पुसली, परत बसवली.
मेमरी बदलून पाहिली.
पंख्यातून निघाला धुळीचा बोळा,
त्यात पिवळ्या मांजराचे केस.
("गेलं ते," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली.")
तरी सुरू करताच आतून तेच,
टक्. टक्. आणि मग लांबलचक घरघर,
जिना चढता चढता कुणी
कठड्याला धरून थांबावं तशी.

अहवाल आला.
पहिल्याच ओळीत: प्रकृती उत्तम.
गेगा हसला. वीस वर्षांचा आहे तो,
पहिल्या ओळीवर हसतो.
मी खाली सरकलो.
चाललेले तास, एकेचाळीस हजार.
जागा बदललेले सेक्टर, एक हजार नऊशे बारा.
निकाल न लागलेले, अडतीस.

बाईंना समजावलं ते असं:
ह्या तबकडीजवळ थोडी जागा राखीव असते.
एखादा कोपरा नासला
की ती तिथलं सामान
गुपचूप तिकडे हलवते
आणि पत्ता जुनाच सांगत राहते.
तुम्ही विचारलंत, तर म्हणणार, ठीक आहे सगळं.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
आता राखीव जागा संपलीय,
आणि बोटं एकेक करून सुटताहेत.

"म्हणजे आमच्या इमारतीसारखं," लामझिराबाई म्हणाल्या.

"आत आहे काय?"
"लिफ्टचा हिशोब. अकरा वर्षांचा.
डब्यात नाणी किती पडली,
कोणी भरले, कोणाकडे राहिले,
कोणाच्या आजारपणात
किती चढ-उतार माफ केले."
गेगा म्हणाला, फोटो वगैरे?
"फोटोंत सगळे हसतात," बाई म्हणाल्या. "ते राहू दे."

मी खरं ते सांगितलं.
वाचायला गेलं की ती आणखी झिजणार.
कदाचित सगळं हाती लागणार नाही.
आधी काय काढू?

त्या बराच वेळ गप्प होत्या.
वर कुठेतरी लिफ्ट कुरकुरत थांबली,
दार उघडलं, मिटलं.
"नावं," म्हणाल्या.
"रकमा मला पाठ आहेत.
नावं हल्ली सुटतात."

मग रात्रभर.
बर्फाच्या पिशवीवर टॉवेल, टॉवेलवर ती,
एकेक ओळ मागून घ्यायची,
नाही म्हणाली की पुढे जायचं,
पुढून मागे यायचं, दुसऱ्या बाजूनं विचारायचं.
नातेला, पहिला मजला. मिळालं.
एल्गुजा आणि त्याची बहीण. मिळालं.
सातव्या मजल्यावरचा पियानो शिकवणारा, ज्याला
सगळे नुसतं मास्तर म्हणायचे,
त्याचं खरं नाव पाचव्या प्रयत्नात आलं: बोंदो.
पहाटे चारला मी ते मोठ्यानं म्हटलं.
दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

एक हिवाळा तेवढा निघाला नाही.
डिसेंबर ते फेब्रुवारी, पाचवा मजला, उधारीचं पान.
अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा टक्.

सकाळी बाईंनी यादी चष्मा न लावताच वाचली,
निदान तसं दाखवलं.
त्या पानाचं सांगितलं, तेव्हा
माझ्याकडे बघून, मग दाराकडे बघून,
हळूच म्हणाल्या,
"पाचव्या मजल्याला कळू देऊ नका.
ते अजून थोडं थोडं फेडताहेत.
बरं वाटतं त्यांना."

पैसे सुट्ट्या नाण्यांत दिले,
वीस वीस तेत्रींचे ढीग, बोटांच्या उंचीचे.
मी मोजले नाहीत.
गेगानं मोजले. एक कमी होतं.